सशाच्या शिकारीसाठी जागा आणि स्वस्तातले बाण

कायद्याने मुभा आहे, हंगाम सुरू आहे आणि परवाना खिशात आहे, हे धरूनच पुढचं लिहितोय.

ससा मोकळ्या रानात शोधत बसू नका. दाट झुडपं संपून गवत सुरू होतं ती कड धरा, तीही पहाटे किंवा दिवस मावळताना. गवतातून गेलेली अरुंद वाट, वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या आणि तिरकी, स्वच्छ कातरलेली कोवळी फांदी दिसली की समजायचं, इथे वावर आहे. जागा निवडताना बाणाचाही विचार करा. मागे मातीचा चढ असेल तर चुकलेला बाण तिथेच रुततो. खडकाळ जमिनीवर मात्र एका संध्याकाळीत भाता रिकामा!

बाण हरवणारच, त्यामुळे महागडे नकोतच. सरावातले जुने चालतात, फक्त त्यांचा ताठपणा धनुष्याच्या ताकदीला साजेसा हवा. पैसे टोकावर घाला. स्प्रिंगचे आकडे असलेलं जूडो टोक गवतात अडकतं आणि बाण जागेवर थांबतो. नाहीतर तो गवताखालून सरपटत जातो आणि शोधून सापडत नाही. पिसं भडक केशरी किंवा पिवळी लावा.

कार्बनचा बाण दगडावर आपटला असेल तर दोन्ही टोकं धरून, फिरवत फिरवत हलका वाकवून बघा. कर्र आवाज आला किंवा चीर दिसली तर मोडून टाका, कारण सोडताना फुटला तर तुकडे हातात घुसतात. लाकडी बाण कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या) धनुष्यावर अजिबात चढवू नका.