सोसायटीच्या अंगणात ऋतुबदलाची बैठक कशी घ्यावी

निरनिराळ्या धर्मांची, भाषांची आणि व्यवसायांची माणसे जेथे एकत्र राहतात, तेथे ऋतुबदलाच्या निमित्ताने सर्वांना बोलवायचे असेल, तर कोणा एकाच्या सणाऐवजी सर्वांच्या डोक्यावरचा सूर्य निमित्त म्हणून निवडावा, असे मला मनापासून वाटते. वर्षातून चार बैठका पुरेशा होतात. मार्च व सप्टेंबरमध्ये २१ ते २३ तारखांच्या सुमारास दिवस-रात्र जवळजवळ समान असतात, २२ डिसेंबरच्या आसपास दिवस सर्वांत लहान असतो आणि मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस, येतो; तो पुण्यात १३ मेच्या, तर नागपुरात २६ मेच्या आसपास असतो. सोयीसाठी जवळचा रविवार धरण्यास हरकत नाही. मे महिन्यात मात्र शक्यतो नेमकाच दिवस साधावा.

प्रथम सपाट, उघडी जागा पाहून तेथे एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी आणि ती ओळंब्याने तपासून घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशावर बेतलेली असल्यामुळे पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्याची खरी मध्यान्ह बाराला न होता साधारण साडेबाराच्या पुढे होते. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी, आणि हे काम मुलांकडे सोपवावे. सर्वांत आखूड सावली त्या दिवशीची मध्यान्ह दाखवते. पुण्यात ती डिसेंबरमध्ये सुमारे ९० सेंटीमीटर, मार्च-सप्टेंबरमध्ये सुमारे ३३ सेंटीमीटर भरते आणि मेमध्ये काठीच्या बुडाशी नाहीशी होते. प्रत्येक वेळची खूण रंगाने कायम करावी. सप्टेंबरमध्ये आभाळ भरलेले असले, तरी बैठक रद्द न करता वाहनतळात घ्यावी. पाऊस हाही ऋतूचाच भाग आहे.

निमंत्रण केवळ सदनिकाधारकांपुरते ठेवू नये. पहारेकरी, घरकाम करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, कचरा उचलणारे कर्मचारी यांना वेळ आधी विचारावी आणि मगच ठरवावी, कारण आपल्याला सोयीची दुपार त्यांच्या कामाचीच असू शकते. ज्येष्ठांसाठी सावलीत खुर्च्या मांडाव्यात. चाकाची खुर्ची पोहोचेल अशीच जागा घ्यावी. खाण्यासाठी मोसमी फळे आणावीत : हिवाळ्यात बोरे व उसाचे करवे, उन्हाळ्यात करवंदे आणि कैरीचे पन्हे. उपवास, पथ्य किंवा शाकाहार यांचा प्रश्न त्यामुळे फारसा येत नाही.

सावली मोजून झाली की दोन मिनिटे शांत बसावे आणि मग एकच प्रश्न विचारावा : या ऋतूत तुमच्या दिवसात काय बदलते? रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला डिसेंबर म्हणजे पहाटे चारची थंडी असते, तर घरकाम करणाऱ्या बाईला पावसाळा म्हणजे न वाळणारे कपडे आणि गळके छप्पर. हे ऐकताना उपाय सुचवण्याची घाई करू नये. हिंदी, कन्नड, जी भाषा येईल तीत बोलू द्यावे. बोलण्याची सक्ती कोणावरही नसावी, विशेषतः घरातले माणूस गेल्यानंतरचा पहिलाच ऋतू ज्यांच्या वाट्याला आला आहे त्यांच्यावर. ध्वनिवर्धक, भाषणे आणि सत्कार पूर्णपणे टाळावेत.

शेवटी सावलीची लांबी, हवा आणि, बोलणाऱ्याची संमती असेल तरच, त्याचे एखादे वाक्य वहीत नोंदवावे, आणि ती वही पुढची बैठक बोलावणाऱ्या कुटुंबाकडे द्यावी.