बचत खातं उघडताय? व्याजदर नंतर, आधी शुल्कपत्रक

खात्यांची तुलना करताना बहुतेकांची नजर आधी व्याजदरावर जाते. मोठ्या बँकांत तो सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे १०,००० रुपये वर्षभर पडून राहिले तर मिळणार २५० रुपये. किमान शिल्लक ठेवली नाही तर तेवढे पैसे एका महिन्याच्या दंडात जाऊ शकतात. बँकेच्या वेबसाइटवर ‘शेड्यूल ऑफ चार्जेस’ नावाची पीडीएफ असते, ती उतरवून घ्या. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

त्यात पहिल्यांदा किमान शिल्लक बघा. मेट्रो, शहरी, निमशहरी आणि ग्रामीण शाखांसाठी हा आकडा बहुधा वेगवेगळा असतो. आणि ही शिल्लक रोज ठेवावी लागते असं नाही. बहुतेक बँका महिन्याची सरासरी धरतात: रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. समजा, सरासरी १०,००० हवी आहे. १ तारखेला खात्यात ४०,००० होते, ४ तारखेला भाडं आणि हप्ते जाऊन २,००० उरले. ३० दिवसांची बेरीज १,७४,००० आणि सरासरी ५,८००. तूट ४,२००. दंड तुटीच्या ६ टक्के असेल तर २५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास २९७. हाच हिशेब २७ तारखेला केला आणि शेवटचे तीन दिवस आणखी ४२,००० खात्यात ठेवले, तर दंड शून्य.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंड तुटीच्या प्रमाणातच हवा, लावण्याआधी ग्राहकाला कळवायला हवं आणि या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये.

ही कटकट नको असेल तर किमान शिल्लक नसलेलं खातं घ्या. स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि पंजाब नॅशनल, कॅनरा यांसारख्या सरकारी बँकांनी २०२५ मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला. शिवाय प्रत्येक बँकेत ‘बेसिक’ बचत खातं मिळतं. त्यात शिलकीची अट नाही, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. पगाराचं खातं झीरो बॅलन्स असतं ते पगार येतो तोवरच. नोकरी बदलली आणि काही महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि दंड सुरू होतो. जुनी खाती बहुतेक इथेच पैसे खातात.

एटीएमची मोजणी वेगळी. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, बाकी ठिकाणी पाच. पुणे या सहांत नाही, म्हणून तिथे पाच. नुसती शिल्लक बघितली तरी एक व्यवहार मोजला जातो. मर्यादेपुढे पैसे काढलेत तर दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी.

डेबिट कार्डाची वार्षिक फी, तिमाही एसएमएस शुल्क आणि शाखेत रोख भरण्याची मर्यादा याच पीडीएफमध्ये सापडतील. कर्जाचा हप्ता या खात्यातून जाणार असेल तर पुरेशी शिल्लक नसल्याने हप्ता परत गेल्यास किती कापतात तेही बघा. कर्ज देणारी संस्था तिचा दंड वेगळा लावते. नेटबँकिंगवरून केलेलं एनईएफटी, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवणं, बचत खात्याला मोफत आहे.

सहकारी किंवा लहान बँक जास्त व्याज देत असेल तर ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास मिळणाऱ्या भरपाईची, मर्यादा लक्षात ठेवा: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपये, शाखा कितीही असोत. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा नाहीच.

नवं खातं घेतल्यावर जुनं नुसतं रिकामं करून सोडू नका. एसआयपी (म्युच्युअल फंडातले हप्ते), विम्याचे हप्ते आणि गॅसची सबसिडी आधी नव्या खात्यावर वळवा, महिनाभर थांबा, मग शाखेत अर्ज द्या. उघडल्यापासून १४ दिवसांच्या आत किंवा वर्ष उलटल्यावर खातं बंद केलं तर सहसा शुल्क लागत नाही. चुकीचं शुल्क कापलं गेलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते.