खाऱ्या वाऱ्यातलं फायर डोअर

मी रत्नागिरीत दारं बसवतो. मिऱ्या, मांडवीकडच्या इमारतीत गेलो की आधी जिन्याचं फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार, बघतो. बऱ्याच ठिकाणी त्याला चिऱ्याचा तुकडा लावून ठेवलेला असतो, वारा यावा म्हणून. दार १२० मिनिटांच्या आगीच्या चाचणीत पास झालेलं असेल, पण उघडं असलं तर धूर एक मिनिटही अडत नाही. तो तुकडा आजच उचला.

मग दार अर्धं उघडून सोडा, नंतर चार बोटांएवढंच उघडून सोडा. दोन्ही वेळा लॅच आपोआप खट्कन बसला पाहिजे. हे दुपारी, समुद्रावरून वारा सुटल्यावर करा. सकाळी गुमान लागणारं दार तेव्हा दोन इंच उघडं राहतं. दार आपोआप ओढून लावणाऱ्या क्लोजरचा वेग स्क्रूने जमतो. तेल गळत असेल तर क्लोजर बदला.

बाजूंची आणि वरची फट साधारण ३ मिलिमीटर हवी, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक. चौकटीच्या खाचेतली पट्टी आगीत तापून फुगते आणि ही फट बुजवते. एका इमारतीत रंगाऱ्यांनी जुनं रबर समजून सगळ्या पट्ट्या उपटल्या. मला त्या गच्चीवर रंगाच्या डब्यात सापडल्या, तुकडे झालेल्या. एकही परत बसवण्याजोगी नव्हती. तेव्हापासून रंगकाम निघालं की मी स्वतः जाऊन रंगाऱ्याला पट्टी दाखवून येतो.

गंज खालून चढतो. लादी पुसल्याचं पाणी आणि खारी हवा पत्र्याच्या दुमडीत बसते. तिथला फुगलेला रंग नखाने दाबा. भुसभुशीत लागला तर पत्रा गेला. बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्या, ३०४ला इथे लवकर तांबूस डाग पडतात. मात्र दाराच्या कंपनीने चाचणीत मान्य केलेल्याच घ्या, आणि जादा कुलपासाठी दाराला भोक पाडू नका.

नवी चौकट चिऱ्याच्या भिंतीत बसवताना मागची पोकळी सिमेंटच्या मालाने ठासून भरून घ्या. साधा फोम आगीत टिकत नाही. जिन्यालगतच्या खिडकीला साधी काच नको, तापली की तडकते. फायर ग्लासच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो बघा.

जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची व्यवस्था नीट असल्याचं प्रमाणपत्र, देणारी एजन्सी येईल, तेव्हा प्रत्येक दार तुमच्यासमोर उघडून सोडायला लावा.