'रक्तातच असतं' म्हणणाऱ्यांनी आकडे दाखवले, तर ते कसे वाचायचे

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. ती आमच्याकडेच कळव्याला असते, आणि माझ्या मुलीला आता नववं लागलंय. त्यामुळे 'रक्तातच असतं' हे मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं. हल्ली नातेवाईक मोबाइलवर आकडेही दाखवतात. तसं झालं की काय करायचं, ते सांगते.

आधी तुलना कोणाशी केलीय ते बघा. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला १९६२ साली मेडनिक आणि शुल्सिंगर या संशोधकांनी तीव्र स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची २०७ मुलं घेतली, आणि जोडीला १०४ अशी, ज्यांच्या घरी हा आजार नव्हता. मग वर्षानुवर्षं दोन्ही गटांचा पाठपुरावा केला. मुलं मोठी झाल्यावर पहिल्या गटात शंभरात सुमारे १६ जणांना स्किझोफ्रेनिया निघाला, दुसऱ्यात दोघांना. 'आठपट!' असं कोणीतरी ओरडेल. ओरडू दे. उरलेल्या ८४ जणांना तो झाला नाही, हेही त्याच कागदावर आहे. त्यांतल्या काहींना दुसरे मानसिक त्रास झाले, तेवढं मात्र झाकून ठेवू नका.

मग मुलांचं वय बघा. डेन्मार्कमध्येच २०१३ पासून ५२२ मुलांचा अभ्यास चालू आहे; त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आईला किंवा वडिलांना असा गंभीर मानसिक आजार आहे. ती सात वर्षांची असताना पहिली तपासणी झाली, पुढे अकराव्या वर्षी पुन्हा. हा आजार बहुतेकदा विशीच्या आगेमागे दिसतो. म्हणजे सातव्या वर्षी चाचणीत मागे पडलेलं मूल पुढे आजारी पडेलच, असं त्यावरून ठरत नाही.

तिसरं, घराबद्दल काय म्हटलंय ते शोधा. मला सगळ्यात कामाचं हेच वाटलं. फिनलंडमध्ये टिएनारी या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची दत्तक गेलेली मुलं पाहिली. सतत धुसफूस असलेल्या घरांत वाढलेल्यांना या प्रकारचे आजार बरेच जास्त झाले, सलोख्याच्या घरांत कमी. रक्त तेच, घर वेगळं.

म्हणून हात घराला घाला. मुलाला आजाराचं नाव सांगा. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पसारा करते म्हणून आई भिंतीशी भांडते, असंच मला वाटायचं. आई बरी असताना तिला शेजारी बसवून एक कागद लिहा: त्रास सुरू झाला तर शाळेतून कोण आणणार, मूल झोपायला कोणाकडे जाणार, गोळ्या कोणाच्या ताब्यात. आमच्या कागदावर पहिली ओळ आईच्या हातची आहे: 'मी वरणाचा वास घेऊन ताट सरकवलं की डॉक्टरांना फोन करा.' कागद फ्रिजवर लावलाय, पाहुण्यांनी वाचला तरी चालेल.

बाळ तीन वर्षांच्या आतलं असेल आणि आईला ॲडमिट करावं लागलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे सहसा दोघांना वेगळं करायचं नसतं. वॉर्डात हे बेलाशक विचारा.

मूल मोठं होताना झोप उडाली, मित्र तुटले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर वाट बघू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे केसपेपर काढताना आजीचा आजार स्वतःहून सांगा. तिथे काही आपण स्थळ बघायला गेलेलो नसतो.