भाद्रपद ते दिवाळी: छोट्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमांची तयारी

मुंबईतल्या छोट्या महाविद्यालयात सभागृह एकच असते, आणि काही ठिकाणी तर दोन वर्गांमधले सरकते पार्टिशन बाजूला केल्यावरच ते तयार होते. अशा ठिकाणी पहिल्या सत्राच्या उत्तरार्धातले कार्यक्रम ठरवताना गेल्या वर्षीची फाईल बाजूला ठेवून आधी भिंतीवरचे कॅलेंडर समोर घ्यावे. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे, २ ऑक्टोबरला झालेला दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे. ठरलेल्या तारखांचे दिवस त्यामुळे नेमके सणांवर येऊन पडले आहेत: ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन गोपाळकाल्याला, १४ सप्टेंबरचा हिंदी दिवस चतुर्थीला आणि २४ सप्टेंबरचा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. त्या तारखेलाच कार्यक्रम झाला पाहिजे, हा हट्ट सोडावा. शिक्षक दिन गुरुवारी ३ तारखेला उरकावा आणि हिंदी दिवसाचे काव्यवाचन गणपतीच्या सुट्टीनंतर ठेवावे. सुट्टीच्या तोंडावर ठेवले, तर कोकणात जाणारी मुले आधीच गाडीत बसलेली असतात आणि पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्च्या उरतात.

तारखा मांडण्यापूर्वी परीक्षा विभागाकडून अंतर्गत चाचण्यांचे आणि सत्र परीक्षेचे वेळापत्रक लेखी घ्यावे, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. परीक्षेच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत यावे आणि शेवटचे दोन आठवडे कोणत्याही समितीला देऊ नयेत. त्यानंतरचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते, ते म्हणजे माणसांची नोंदवही. छोट्या महाविद्यालयात जो मुलगा एकांकिकेत असतो तोच कबड्डीच्या संघात असतो, सेवा योजनेचा स्वयंसेवकही तोच असतो, आणि सूत्रसंचालनाला कोणी मिळाले नाही की पुन्हा त्यालाच हाक मारली जाते. दोन कार्यक्रमांच्या तारखा वेगळ्या असल्या, तरी त्यांची तयारी त्याच पंचवीस मुलांच्या त्याच संध्याकाळी खात असते. म्हणून प्रत्येक नावापुढे त्या विद्यार्थ्याने घेतलेल्या जबाबदाऱ्या लिहाव्यात आणि तिसरी जबाबदारी दिसताच ती काढून पहिल्या वर्षाच्या एखाद्या नवख्या मुलीकडे द्यावी. प्राध्यापकांचेही तेच करावे. समित्या कागदावर बारा असतात आणि राबणारी माणसे चार, हे सर्वांना ठाऊक असते. ते निदान एकदा कागदावर यावे.

या काळात सर्वाधिक ताण एकांकिकेचा असतो, कारण आय.एन.टी.सारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस साधारण हेच असतात. संहिता ठरताच लेखकाचे परवानगीपत्र मिळवावे आणि स्पर्धेच्या नियमांत मागितले असेल, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची तजवीज त्याच आठवड्यात करावी. विद्यार्थी आणि शिक्षकांनी महाविद्यालयातच, आपल्याच विद्यार्थी-पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. बाहेरच्या स्पर्धेत ती गृहीत धरू नये. तालमीची खोली, ती उघडी ठेवण्याची वेळ आणि किल्ली कोणाकडे राहील, हे शिपाईमामांच्या उपस्थितीत ठरवावे, कारण रात्री साडेआठला कुलूप लावायला थांबणारे तेच असतात आणि त्यांनाही बदलापूरची गाडी पकडायची असते. नेपथ्यात थर्माकोल टाळावा. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहेच, शिवाय पुठ्ठा आणि जुने कापड टेम्पोत चढवताना तुटत नाही. दूरच्या विद्यार्थिनींची यादी करून त्यांचे प्रवेश तालमीच्या पहिल्या तासात घ्यावेत. दिग्दर्शकाला हे मुळीच रुचत नाही, तरीही घ्यावेत.

ध्वनिव्यवस्थेचा विषय थोडक्यात आटोपतो. भाड्याच्या स्पीकरपेक्षा दोन चालू माईक, सुट्या बॅटऱ्या आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड अधिक उपयोगी पडतात. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आवारातल्या गरब्याचा हट्ट धरणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधींना ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी. त्यापेक्षा भोंडला सोपा आणि माझ्या मते अधिक रंगतदार असतो. मधोमध हत्तीचे चित्र काढलेला पाट, गाणी पाठ असलेल्या दोन-तीन जणी आणि झाकलेल्या डब्यांतली खिरापत एवढीच सामग्री त्याला लागते. गाणी पाठ असलेल्या जणी बहुधा विद्यार्थिनींत सापडत नाहीत, म्हणून कार्यालयातल्या मावशींना आणि ग्रंथालयातल्या ताईंना आधी विचारून ठेवावे. त्यांना ऐनवेळी ओढून आणू नये.

विसर्जनानंतरच्या किनारा स्वच्छतेची तयारी मात्र सविस्तर करावी लागते. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पौर्णिमा आहे. पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी पहाटेच्या सुमारास असते. त्यामुळे ‘दहा वाजता जमू या’ असा निरोप धाडला, तर मुले चौपाटीवर पोहोचेपर्यंत पाणी चढत असते आणि वाळू दिसेनाशी होत असते. त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून सहाच्या सुमारास जमण्याचे ठरवावे आणि नऊपर्यंत काम आवरावे. महापालिकेच्या विभाग कार्यालयाला पत्र आधी द्यावे, कचरा कोठे जमवायचा आणि गाडी केव्हा येणार हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. चपला घालून कोणालाही वाळूत उतरू देऊ नये, कारण पाकट मासा आणि जेलीफिश याच दिवसांत किनाऱ्यालगत येतात. जाड तळव्याचे बूट, रबरी हातमोजे आणि गोणपाटाच्या पिशव्या यांची मोजदाद आदल्या दिवशी दुपारीच करावी. निर्माल्य आणि प्लास्टिक वेगळे भरावे. भंगलेल्या मूर्ती महापालिकेच्या कामगारांच्या हवाली कराव्यात आणि त्यांची छायाचित्रे कोणीही काढू नयेत. रात्रभर मिरवणुकीत नाचलेल्या मुलांना या कामातून निःसंकोच सूट द्यावी, कारण झोप न झालेला स्वयंसेवक पाण्याजवळ असणे बरे नाही.

सेवा योजनेचेच दुसरे मोठे काम रक्तदान शिबिराचे असते. दात्याचे वय किमान १८, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते, हे फलकावर ठळक लिहावे. पहिल्या वर्षातल्या अनेकांना तोवर अठरा पूर्ण झालेली नसतात. त्यांना रांगेत उभे करून परत पाठवण्यापेक्षा चहा-बिस्किटांच्या आणि नोंदणीच्या टेबलावर बसवावे. आदल्या दिवशी प्रत्येक वर्गात जाऊन ‘नाश्ता करून या’ असे सांगावे. मुंबईत सकाळची सहाची लोकल पकडणारी मुले उपाशीच येतात आणि भोवळ येणाऱ्यांत त्यांचाच भरणा अधिक असतो. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलींना तो आकडा इतरांदेखत सांगितला जाऊ नये, म्हणून तपासणीचे टेबल पडद्याआड ठेवावे आणि नंतर एखाद्या शिक्षिकेने त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे.

ऑक्टोबरमधले छोटे दिवस एकत्र गुंफता येतात. गांधी जयंती २ तारखेला शुक्रवारी आहे आणि मराठीला अभिजात दर्जा देण्याचा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरलाच झाला होता, तेव्हा दोन्हींसाठी मिळून ग्रंथालयात एकच प्रदर्शन मांडावे आणि ते १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत तसेच ठेवावे. प्रत्येक दिवसाला वेगळा पाहुणा, वेगळे रोप आणि वेगळे आभारप्रदर्शन नको. मैदानी स्पर्धांना मात्र घाई करू नये. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि जाता जाता तो दुपारनंतर गडगडाटासह झोडपून जातो, म्हणून धावण्याच्या शर्यती त्यानंतर, आणि तेव्हाही ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे सकाळी दहाच्या आत उरकाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदिलांची कार्यशाळा ठेवायची असेल, तर घोटीव कागद क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आणावा आणि बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या कापूनच मुलांपुढे ठेवाव्यात. अन्यथा अर्धा वेळ कामट्या तासण्यात जातो आणि बोटे कापून घेणाऱ्यांची रांग लागते. खळ आदल्या दिवशी शिजवावी आणि कंदील वाळवायला दोरी पंख्याखाली बांधावी, कारण मुंबईच्या दमट हवेत चिकटवलेला कागद तासाभरात सुटू लागतो. जागा पाहून माहीमच्या कंदील गल्लीतल्या एखाद्या कारागिराला बोलावले, तर त्याला मानधन द्यावे. शाल आणि श्रीफळ देऊन भागवू नये.

बाहेरचे पाहुणे असतील तो कार्यक्रम रविवारी ठेवू नये. ठेवावाच लागला, तर शनिवारी मेगाब्लॉकची वेळ पाहून पाहुण्यांना आणि विद्यार्थ्यांना कळवावी. सकाळी साडेदहा ते एक ही वेळ गर्दीच्या दोन्ही टोकांपासून दूर असल्याने सर्वांना सोयीची पडते. फुले लागत असतील, तर ती दादरच्या बाजारातून भल्या सकाळी आणावीत आणि दसऱ्याच्या आठवड्यात झेंडूवर भर देणारी सजावट आखू नये, कारण त्या दिवसांत भाव चढलेले असतात.

हिशेबाचे काम कार्यक्रमानंतरचे मानले जाते, प्रत्यक्षात ते आधीच सुरू करावे लागते. उचल कोणाच्या नावावर घेतली, कोटेशने किती मागवली आणि वडापाव देणाऱ्या गाडीवाल्याकडून पावती कशी मिळवायची, हे प्रश्न लेखापाल नंतर विचारणारच असतात, म्हणून छापील व्हाउचरांचे पुस्तक समितीप्रमुखाने जवळ बाळगावे. हजेरीपटावर सह्या कार्यक्रम सुरू असतानाच घ्याव्यात, जिओटॅग असलेली चार-पाच छायाचित्रे एकाच ठरलेल्या विद्यार्थ्याने काढावीत आणि अहवाल तीन दिवसांत गुणवत्ता कक्षाकडे द्यावा. उधार आणलेले पडदे, मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि दुसऱ्या महाविद्यालयाकडून मागितलेला कॉर्डलेस माईक यांची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, आणि एकेक वस्तू परत पोहोचल्यावर घेणाऱ्याची सही त्याच कागदावर घेऊन तो व्हाउचरांसोबत फाईलला लावावा.