अमेरिकेतलं पहिलं टॅक्स रिटर्न: भारतातले कागद आधी मागवा

मी न्यू जर्सीत आले त्याला सोळा वर्षं झाली. दर जानेवारीत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच : "ताई, टॅक्स भरायचाय, कागद कोणकोणते लागतात?" नव्याने आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं असं की हा प्रश्न जानेवारीपर्यंत ठेवू नका. अमेरिकेतले कागद बहुतेक आपोआप येतात. अडतं ते भारतातल्या कागदांपाशी.

घोळ मुळात वर्षाचा आहे. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथे जानेवारी ते डिसेंबर. समजा तुम्ही ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलात. त्या वर्षात १८३ दिवस भरत नाहीत, म्हणून टॅक्सच्या हिशेबात तुम्ही अनिवासी. पण लग्न झालेलं असेल तर नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न भरण्यासाठी पूर्ण वर्षाचे निवासी ठरण्याचा पर्याय घेता येतो, आणि बऱ्याच जणांना तो फायद्याचा पडतो. मात्र मग त्या वर्षाची जगभरातली सगळी कमाई दाखवावी लागते, म्हणजे जानेवारी ते जुलै पुण्यात मिळालेला पगारसुद्धा. तो एका फॉर्म १६ मधून निघत नाही, कारण मार्चअखेर वर्ष तुटतं. लागतात त्या महिन्या-महिन्याच्या पगाराच्या स्लिपा. माझ्या जुन्या कंपनीने राजीनाम्यानंतर माझं पोर्टल बंद केलं आणि सात महिन्यांच्या स्लिपांसाठी मला दोन महिने ईमेल लिहावे लागले. म्हणून भारतातली नोकरी सोडण्याआधीच सगळ्या स्लिपा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. भारतात भरलेल्या कराची वजावट इथे मागता येते. त्यासाठी भारतात भरलेल्या कराची नोंद असलेला फॉर्म २६एएस उतरवून घ्या.

बँकेचंही तसंच. व्याजाचा दाखला मागितला की शाखेतून एप्रिल ते मार्चचाच मिळतो. माझ्या बाबांनी तसा दाखला दोनदा आणला. शेवटी पासबुकातल्या नोंदी वहीत उतरवून जानेवारी ते डिसेंबरची बेरीज त्यांनीच केली. आता नेट बँकिंगवरून हव्या त्या तारखांचं स्टेटमेंट निघतं, पण भारतातला मोबाइल नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि सगळं ठप्प होतं. तो नंबर चालू ठेवा. आणखी एक : एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून इथेही करमुक्त असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. निवासी झालात की ते इथे दाखवावंच लागतं, पीपीएफचं व्याजही.

आता एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती. वर्षभरात कुठल्याही एका दिवशी तुमच्या परदेशी खात्यांची एकूण शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली, की इथल्या अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे ही वेगळी माहिती ऑनलाइन द्यावी लागते. ती रिटर्नसोबत जात नाही. टॅक्स एक पैशाचा नसला तरी द्यावी लागते, आणि चुकवली तर दंड जबर आहे. आठ-नऊ लाख रुपये ऐकायला मोठे वाटतात, पण आई-वडिलांच्या मुदतठेवींवर सोयीसाठी तुमचं दुसरं नाव लावलेलं असतं ना, त्या ठेवीही तुमच्या हिशेबात धरल्या जातात. पैसा त्यांचा असला तरी खातं तुमच्याही नावावर आहे. एलआयसीच्या ज्या पॉलिसीला सरेंडर व्हॅल्यू आहे ती, डीमॅट खातं, हेही त्यात येतं. घरी फोन करून एक यादी करा : बँक, शाखेचा पत्ता, खाते क्रमांक, वर्षातली सर्वात जास्त शिल्लक. आई-बाबांना हे विचारताना थोडा वेळ काढून समजावून सांगा. अचानक ठेवींची चौकशी झाली की त्यांच्या मनात भलतंच येतं. भारतातले म्युच्युअल फंड असतील तर त्यांचे इथले नियम फार किचकट आहेत. तेवढ्यासाठी भारतीयांची रिटर्नं करणारा सीपीए (इथला परवानाधारक हिशेबनीस) गाठाच.

जोडीदार एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर आयटीआयएन, म्हणजे टॅक्सपुरता ओळख क्रमांक, लागतो. अर्ज डब्ल्यू-७, सहसा रिटर्नसोबतच जातो. ओळखीच्या पुराव्यासाठी मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायला जीव धजत नाही. आयआरएसने (इथल्या कर खात्याने) मान्यता दिलेल्या एजंटाकडे तो समक्ष दाखवून काम होतं. इथे आपल्या मराठी नावांचा गोंधळ होतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं, आडनाव कुठे माहेरचं तर कुठे सासरचं. अर्जावर अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणेच लिहा.

इथले कागद सोपे. कंपनी ३१ जानेवारीपर्यंत डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) देते. वर्षात दोन नोकऱ्या झाल्या तर दोन. बँकेकडून व्याजाचा फॉर्म १०९९-आयएनटी येतो. दहा डॉलरहून कमी व्याजाचा तो येत नाही, पण व्याज दाखवायचं असतंच. कंपनीचे शेअर मिळून विकले असतील तर ब्रोकरच्या १०९९-बी (विक्रीच्या फॉर्म) सोबत येणारी पुरवणीही उतरवा. मूळ फॉर्मवर खरेदीची किंमत अनेकदा अपुरी असते, आणि पगारात एकदा कर लागलेल्या रकमेवर पुन्हा कर भरला जातो. पाळणाघराला पैसे देत असाल तर त्यांचा टॅक्स क्रमांक मागून घ्या. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावरून ये-जा केल्याच्या तारखाही काढून ठेवा.

मुदत साधारण १५ एप्रिलची. ऑगस्टमध्ये आलेल्यांना तो पूर्ण वर्षाचा पर्याय हवा असेल, तर दुसऱ्या वर्षातले इथले दिवस पुरे होईपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. ही सवलत रिटर्न भरायला आहे, पैसे भरायला नाही. देणं निघेलसं वाटलं तर अंदाजाने रक्कम एप्रिलमध्येच भरून टाका. आणि नाताळच्या सुट्टीत घरी जाणार असाल तर पहिल्याच आठवड्यात, बँकेच्या सुट्ट्या बघून, पासबुकं भरून आणा.