जर्मन शिकताना मराठी बाहेर ठेवू नका : या चुका टाळा

जर्मनमध्ये आगगाडीचं स्पेलिंग झेड-यू-जी. इंग्रजीच्या सवयीने पोरं ते ‘झूग’ वाचतात. पण जर्मन झेडचा उच्चार म्हणजे आपल्या चमच्यातला, चुलीतला च. आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या ग चा तिथे क होतो. म्हणजे आगगाडी झाली चक्क ‘चूक’! गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लासात पहिल्या दिवशी मी फळ्यावर हेच लिहिते. सगळे हसतात, आणि तो शब्द मग कुणी विसरत नाही.

गेली काही वर्षं नाशिकमध्ये जर्मन शिकणारे वाढलेत. नर्सिंगच्या मुली, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले इंजिनिअर, द्राक्ष निर्यातवाल्यांची मुलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर चौकशीचे फोन थांबत नाहीत. यातले बरेच जण बी१ पर्यंत (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) कसेबसे पोचतात आणि तिथेच रुतून बसतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं : इंग्रजीच्या दारातून जर्मनमध्ये शिरणं.

उकडायला लागलं की विद्यार्थी ‘आय ॲम हॉट’ मनात धरून ‘इख बिन हाइस’ म्हणतो. त्याचा अर्थ मी वर्गात सांगत नाही, पण तिकडे कामावर हे बोलू नका. बरोबर वाक्य ‘मिअर इस्ट हाइस’. मिअर म्हणजे ‘मला’. मला गरम होतंय, बस्स. ‘आवडणं’ही तसंच. शर्ट मला आवडतो, बूट मला आवडतात; क्रियापद आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, आवडणाऱ्याप्रमाणे नाही. जर्मनमध्ये ‘गेफेल्ट मिअर’ आणि ‘गेफालन मिअर’ अगदी याच चालीने जातात. ‘कारण मी दमलोय’ म्हणताना आपलं क्रियापद शेवटी येतं, ‘वाइल इख म्यूडं बिन’ मध्येही शेवटीच. इंग्रजीतून येणारा नेमका इथे अडखळतो. (भुकेच्या बाबतीत मात्र मराठी फसवते. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे ती ‘असते’ : इख हाबं हुंगर.)

आकड्यांचा घोळ तर रोजचा. फोनवर कुणी ‘झीबन-उंट-फिअरत्सिश’ सांगतं आणि आमची मुलं ७४ लिहून मोकळी. अरे, सात आधी, चाळीस नंतर : सत्तेचाळीस! पण ही पोरं घरीसुद्धा फोर्टी सेव्हनच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन शिकणाऱ्याला मात्र जुनंच बरं.

वेळेचंही तेच. ‘हाल्प द्राय’ शब्दशः ‘अर्धा तीन’. माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन मुलाखतीला साडेतीनला हजर झाली. मुलाखत अडीचला होती. आपला ‘अडीच’ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. जर्मन माणूस आजही तेच म्हणतो.

शब्द लिहिताय, पण तो-ती-ते कुठे आहे?

टेबल पुल्लिंगी का, असं इंग्रजी माध्यमातली मुलं वैतागून विचारतात. पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते म्हणताना कधी विचारलं होतं का? वहीत नुसतं ‘टिश’ लिहू नका, ‘डेअर टिश’ लिहा. लिंग नंतर चिकटवू म्हटलं की ते कधीच चिकटत नाही. मुलीला ते नपुंसकलिंगी ‘डास मेडशेन’ म्हणतात यात धक्का बसण्यासारखं काही नाही. आपणही ‘ते लेकरू’ म्हणतोच. फक्त मराठीचं लिंग उचलून जर्मनला लावू नका. त्यांच्याकडे सूर्य बाई आहे.

‘तीन महिन्यांत बी१’ या पाटीला भुलू नका

हिशेब करा. बी१ ला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास धरले तरी तीन महिन्यांत जेमतेम २०८ तासिका होतात. उरलेलं तुम्ही घरी भरणार, नाहीतर परीक्षेत. आणि भाषेवर हुकूमत म्हणाल तर ती बी१ च्या पुढे, सी१-सी२ च्या रानात आहे.

‘मॅडम, कळतं सगळं, पण बोलता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच काम देते. काल काय झालं ते फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड करा, ऐका, चुका लिहा, आणि तीच गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करा. तिसऱ्या वेळी वाक्यं सुटी होतात. नवी गोष्ट घेऊ नका, मजा तिथेच जाते.

वाचायलाही कादंबरीने सुरुवात नको. आपल्या धंद्याचं वाचा. पिंपळगावचा एक मुलगा जर्मन सुपरमार्केटची साप्ताहिक पत्रकं वाचायचा. ‘केर्नलोस’ म्हणजे बिनबियांची, हे त्याला मी शिकवलेलं नाही. द्राक्षाच्या डब्याशेजारी छापलेलं होतं. नर्सिंगच्या मुलींना मी औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी देते. रटाळ असते, पण वॉर्डात तेच शब्द लागतात.

शेवटचा धक्का विमानतळाबाहेर बसतो. बी१ ची सीडी ऐकून गेलेला माणूस बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये उतरतो आणि समोरचा श्वेबिश ही तिकडची बोली बोलतो : ‘निश्ट’चं (नाही) ‘नेट’, ‘बिसशेन’चं (थोडंसं) ‘बिसले’, काम करण्याला ‘शाफन’. पुस्तकी मराठी शिकून सटाण्याच्या बाजारात अहिराणी ऐकल्यासारखं. तेव्हा निघण्याआधी दोन महिने एसडब्ल्यूआर या तिकडच्या प्रसारण संस्थेचा रेडिओ रोज अर्धा तास लावून ठेवा, स्वयंपाक करताना चालेल. पहिला आठवडा काहीच कळणार नाही. गाड्यांच्या उशिराचा विषय निघाला की निदान ‘चूक’ तरी कानावर पडेल.